खिंडीपलीकडची वाडी

पेढ्यांचा बॉक्स पुढे करत साहेब म्हणाले, "ऋजुता, तुझ्या मॉडेलनं कमाल केली!"

मोबाइलच्या लहरी डोंगरांवर आपटत कशा पोचतील, याचा अंदाज ते संगणकी मॉडेल बांधायचं आणि टॉवर त्यानुसार लहरी कुठे पाठवायच्या ते ठरवायचा. आठवड्यापूर्वीच ते घाटातल्या टॉवरवर बसवलं होतं.

बातमी सांगायला तिनं खिंडीपलीकडच्या वाडीतल्या आत्याला फोन लावला. "छातीत दुखतंय गं, येऊन जा," असं आत्या मागच्या फोनवर म्हणाली होती. ऋजुताला जमलं नव्हतं. मग आठवडाभर आत्याचा फोन नव्हता, रुसली असणार.

मोबाइल संपर्क क्षेत्राबाहेर होता. पुन्हा लावला, तरी तेच.

तिनं हातातला पेढा खाली ठेवला. त्या वाडीतली सिग्नलची मोजमापं फारच वेडीवाकडी यायची, म्हणून सदोष समजून तिनंच ती मॉडेलला शिकवताना गाळली होती.

"आणि बघ," साहेब खुशीत म्हणाले, "आठवडाभरात तक्रारीचा एकही फोन नाही!"