परतीची पेटी

सकाळी वाचनालयाचं कुलूप काढून ग्रंथपालबाईंनी दारातली परतीची पेटी उघडली आणि त्यांचं डोकंच फिरलं. आत पुन्हा तीन पवित्र शास्त्रं, म्हणजे बायबलं. जाडजूड, काळ्या पुठ्ठ्याची, कडांना सोनेरी मुलामा. त्यांच्या वजनाखाली हत्तीच्या गोष्टीचं पातळसं पुस्तक चेपून मधोमध मोडलं होतं.

बाईंना ऋतू कळायचे ते या पेटीवरून. पावसाळ्यात फुगलेली पुस्तकं यायची, उन्हाळ्यात पानापानांवर बोटांचे चिकट ठसे. आणि थंडी सरून लोक घरं आवरायला लागले, की शास्त्रं यायची. केरात टाकायला कुणाचा हात धजत नसे. मग कुणी बघत नाही असं पाहून पेटीत सरकवायची, की झाले मोकळे. मागच्या खोलीत चौदा साठली होती. आजची धरून सतरा.

बाईंनी तिन्हींची पहिली पानं पाहिली. त्यातलं एक जरा जास्त वेळ पाहिलं. ते शास्त्र टेबलावर वेगळं ठेवून त्यांनी मोडलेल्या हत्तीला चिकटपट्टी लावायला घेतली. पट्टी तीनदा वाकडी बसली.

दहाच्या सुमारास घंटाकाका आले. चर्चच्या मंडळीचे सचिव. चाळीस वर्षं उपासनेची घंटा तेच वाजवत, म्हणून पोराटोरांनी ठेवलेलं नाव मोठ्यांच्याही तोंडी बसलं होतं. वाचनालय मंडळीचं, तेव्हा इथंही शब्द त्यांचाच चाले. आज त्यांच्या काखेत रिकामी खोकी होती.

"काल ठराव झाला, पोरी. देवाचं वचन अडगळीत पडलंय, बरं दिसत नाही. खिडकीजवळचं कपाट रिकामं कर. शास्त्रं तिथं लावू."

"ते मुलांचं कपाट आहे."

"मुलांची पुस्तकं जातील तळघरात. नाहीतरी फाटकीच आहेत सगळी."

तळघराच्या भिंतींना बारा महिने ओल असे. महिन्याभरात पुस्तकांना बुरशी चढली असती. अकरा वर्षं लोकांच्या दारोदार जाऊन, एकेक पुस्तक मागून बाईंनी ते कपाट भरलं होतं. मुद्दाम बुटकं करून घेतलं होतं, सगळ्यात लहान मुलाचाही हात वरच्या फळीला पोचावा म्हणून.

"फाटकी आहेत, कारण वाचली जातात," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या म्हाताऱ्या पोस्टमननं ते खाली केलं. "हे एवढं उघडून दाखवा मला, काका. लगेच करते कपाट रिकामं."

काकांनी टेबलावरचं शास्त्र हाती घेतलं. मधोमध उघडू गेले, पण पानं सुटेनात. सोनेरी कडा एकमेकींना घट्ट धरून होत्या, छापखान्यातून निघाल्या तशा. काकांनी नख घातलं. करकर आवाज करत कशीबशी दोन पानं सुटली.

"नवं दिसतंय."

"सहा वर्षांचं आहे. पहिलं पान बघा."

दृढीकरणाच्या, म्हणजे जाणत्या वयात विश्वासाची कबुली देण्याच्या दिवशी मंडळीतल्या प्रत्येक मुलाला असं शास्त्र मिळे, पहिल्या पानावर नाव घालून. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. नाव नातवाचं होतं. खाली लिहिलं होतं, 'आजोबांकडून, सप्रेम'. अक्षर त्यांचंच.

पोस्टमननं वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

"सूनबाईनं मागच्या आठवड्यात त्याची खोली आवरली," काका म्हणाले. "मला वाटलं, जुने कपडे काढले असतील."

"घरी घेऊन जा."

"घरी जागा नाही गं."

काकांनाच आपलं वाक्य ऐकू आलं असावं. येशूच्या जन्मावेळी दिवस भरलेल्या मरियेला उतारशाळेत 'जागा नाही' म्हणून कुणी आत घेतलं नाही, तो भाग दर हिवाळ्यात मंडळीला तेच तर वाचून दाखवत. त्यांनी मान खाली घातली.

बाईंनी खण ओढून कोरं कार्ड काढलं. त्यावर काकांचं नाव लिहिलं, शास्त्राच्या शेवटच्या पानाला तारखेची चिठ्ठी डकवली आणि शिक्का असा हाणला, की टेबलावरची डिंकाची बाटली कलंडली.

"चौदा दिवस. वाचून परत आणा."

"अगं, मी रोज वाचतो. माझं वेगळं आहे घरी."

"तुम्ही नाही. ज्याचं नाव आहे त्यानं वाचायचं. तुम्ही शेजारी बसा. पानं सोडवायला कुणीतरी लागेलच त्याला."

काका शास्त्राच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "आणि ठरावाचं काय सांगू?"

"मान्य आहे म्हणून सांगा. वाचून आलेलं प्रत्येक शास्त्र मी स्वतः त्या कपाटात लावीन. मुलं सरकून घेतील."

काका निघाले. खोकी तिथंच राहिली. पायऱ्या उतरताना त्यांनी शास्त्र दोन्ही हातांनी धरलं होतं, फार जड असल्यासारखं.

"आज घंटा तुम्ही वाजवलीत, बाई," वर्तमानपत्राआडून पोस्टमन म्हणाला.

बाईंना हसू आलं नाही. मागच्या खोलीतली शास्त्रं आणून त्यांनी टेबलावर रचली आणि सगळ्यात वरचं उघडलं. चर्चमध्ये प्रवचन देणाऱ्या पाळकसाहेबांच्याच थोरल्या मुलीचं नाव. त्यांची कानशिलं अजून तापलेलीच होती. दुसरं कोरं कार्ड पुढं ओढून त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"प्रभू," त्या पुटपुटल्या, "एवढ्यात मला शांत करू नकोस. अजून सोळा आहेत."