शेजारची खुर्ची

शेवटच्या, तिसाव्या सिटिंगलाही वैजयंतीने विचारलं, "आज तरी ताईला बसू द्या ना शेजारच्या खुर्चीत."

"नवरा असताना बहीण कशाला?" म्हणत रघुवीरने डोक्याला पट्टा बांधून घेतला.

मेंदूच्या आवरणावरची गाठ जाळताना किरणांच्या वाटेतल्या आठवणीही पुसल्या जायच्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून हॉस्पिटलात शेजारच्या खुर्चीत बसलेल्या घरच्या माणसाच्या डोक्यात त्या उतरवून ठेवत. एकोणतीस दिवसांत रघुवीरकडे तिची शाळा आली होती, तिच्या आईच्या हातची सांज्याची पोळी आली होती.

यंत्र पाच मिनिटं घुमलं. वैजयंती उठली, तेव्हा तिच्या गालांवर, डोकं हलू नये म्हणून घातलेल्या जाळीच्या मुखवट्याचे वळ होते.

"किती हलकं वाटतंय हो आज!" ती म्हणाली आणि कितीतरी वर्षांनी तिने आपणहून त्याचा हात धरला.

घरी पोचल्यावर ती गुणगुणतच वर गेली. रघुवीर मागून जिना चढू लागला. स्वतःच्याच बुटांचा आवाज कानावर पडला आणि त्याच्या छातीत धडधडायला लागलं.

"आले. आज कशावरून हात उचलतील?" त्याच्या डोक्यात वैजयंतीचा आवाज म्हणाला.

पुढची पायरी चढायची त्याची हिंमत होईना.