उशाखालची सुरी

दुष्काळाचं ते साल. रिठदच्या तुळसाबाईनं भरदुपारी घरातल्या जुन्या सुऱ्या परसातल्या दगडावर घासायला घेतल्या. शेवटी नातवाच्या उशाखालची सुरीही काढून आणली. बाहेरचं काही फिरकू नये म्हणून पाचवीला ठेवलेली ती सुरी पार गंजली होती. घासून लगेच ठेवू, तेवढ्यानं काय होतं, असं तिला वाटलं.

धार बघायला तिनं हात थांबवला.

घासण्याचा आवाज थांबला नाही. खर्र, खर्र, तो घरातून येत होता.

सगळ्या सुऱ्या तर तिच्यासमोरच होत्या.

आतून बाळंतीण सुनेचा पेंगुळलेला आवाज आला, "आत्याबाई, लेकराच्या उशाशी बसून कायले घासून राह्यल्या? पुरे करा, झाली असन आता धार."

आणि आतलं घासणं थांबलं.