क्ष लोक

भिवंडीच्या स्पर्धेला वर्गातून एकच निबंध जाणार होता आणि रुचिकाने विषय घेतला होता ‘धर्माचा तटस्थ अभ्यास’.

“धर्म म्हणजे काय बीजगणित हाय गो?” भोईर सरांनी आधीच टोमणा मारला. “होत नसतो तसला अभ्यास. वाच!”

रुचिकाने खरोखरच बीजगणितासारखं, धर्माचं नाव न घेता ‘क्ष’ लिहिलं होतं. ती ठसक्यात वाचू लागली.

“क्ष लोक ठरल्या दिवशी उपास धरतात आणि सोडताना दुप्पट खातात. मेलेल्या माणसाच्या नावाने त्याच्या आवडीचं जेवण करतात. ‘का?’ म्हणून विचारणाऱ्या पोरीला गप्प बसवतात.”

सर खदाखदा हसले. अख्खा वर्ग वळून वर्गातल्या एकुलत्या मुसलमान मुलीकडे, अक्साकडे बघायला लागला. तिने मान खाली घातली.

“शाब्बास! याला म्हणतात तटस्थ! हाच जाणार स्पर्धेला. आता तो क्ष खोड आणि सरळ नाव घाल त्यांचं.”

उपास रुचिकाच्या आईचे होते, जेवण आजोबांच्या नावाचं. तिने क्ष खोडला, तिथे ‘आपले’ लिहिलं आणि वही सरांपुढे धरली.

सरांनी वाचलं आणि वही तिच्या अंगावर भिरकावली.

“सांगितलं होतं ना तुला, धर्माचा तटस्थ अभ्यास होतच न्हाय!”