पहिले हजार किलोमीटर

"ही नको. हिची टाकी लहान आहे," ती म्हणाली.

सेल्समनने कपाळावर हात मारायचं तेवढं बाकी ठेवलं. शोरूममधली ही त्यांची चौथी फेरी होती. नवरा गाडीवर बसून आरशात स्वतःला न्याहाळत होता आणि त्याची बायको, सात महिन्यांची लेक कडेवर घेऊन, माहितीपत्रक वाचत होती.

"वहिनी, तेरा लिटर म्हणजे काही कमी नाही."

"यांना लांब जायचंय. सारखं पंपावर थांबायचं म्हणजे मूड जातो माणसाचा."

"ऐका साहेब!" सेल्समन नवऱ्याकडे वळला. "नाहीतर आमची ही. कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा गाडी काढू देत नाही."

नवरा खुशीत हसला. एकट्याने निघायचं, आठ-दहा दिवस, किनाऱ्याकिनाऱ्याने; लग्नाआधीपासूनचं त्याचं स्वप्न होतं ते. जुन्या गाडीवर जमत नव्हतं. सुटीच्या दिवशी तो निघे, पण पन्नास-साठ किलोमीटरवर पाठ धरायची, इंजिन तापायचं, आणि स्वारी परत. कधी दोन तासांत, कधी तासाभरात. नेम नसायचा. कुलूप उघडल्याचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून उठायची.

कुलूप बाहेरून असे. काळजीपोटी. घरात बाई एकटी, जवळ तान्हं पोर, उगाच कोणी बेल वाजवायला नको. तिचा फोनही त्याने सुटसुटीत करून दिला होता. त्याचा नंबर, त्याच्या ताईचा, आणि मुलीच्या डॉक्टरांचा. बाकीचे पुसले. फोन जड होतो म्हणे. जेवण झालं की "आण गं इकडे" म्हणून तो फोन रोज एकदा नजरेखालून घालायचा.

"मग ही बघा." सेल्समनने राखाडी रंगाची एक धिप्पाड गाडी दाखवली. "वीस लिटर. पुढे काच आहे, वारा छातीवर येत नाही. आणि सीट अशी की घरचा सोफा विसराल."

"मागे काय?" नवऱ्याने विचारलं.

"सीट नाहीतर सामानाचा खोका. दोन्हींपैकी एकच बसेल."

सेल्समनने तिच्याकडे पाहिलं, मग बाळाकडे.

"खोकाच बसवा," ती म्हणाली. "आम्ही दोघी कुठे जाणार आहोत?"

नेमकं तेव्हाच लेकीने दुपटं ओलं केलं. शोरूममध्ये आलं की तिचं हे ठरलेलं. काउंटरवरची मुलगी सवयीने उठली आणि मायलेकींना आतल्या खोलीत घेऊन गेली.

"गाड्यांचा धाक घेतलाय माझ्या लेकीने," नवरा मागून म्हणाला.

त्या दहा मिनिटांनी बाहेर आल्या, तेव्हा तो तसल्याच दुसऱ्या एका गाडीपाशी उभा होता.

"अगं, हीच गाडी, पण सेकंडहँड. आठ हजार पळालेली. बरीच स्वस्त पडतेय."

"नवीच घ्या."

"वहिनी, खरं सांगू का," सेल्समन म्हणाला. "नव्या गाडीचं एक पथ्य असतं. पहिले हजार किलोमीटर साठच्या वर न्यायची नाही. इंजिन बसायला वेळ द्यावा लागतो. हिला ती कटकट नाही. आजच शंभरने पळवा."

"ऐकलंस?" नवरा म्हणाला.

तिने लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग हातातल्या पाटल्या काढायला लागली. आईच्या होत्या. एरवी साबण लावल्याशिवाय हलत नसत. आज तशाच निघाल्या.

"दुसऱ्याने पिदडलेली गाडी कशाला? आयुष्यात एकदा घेताय. पहिल्यापासून तुमच्याच हातची असू दे."

सेल्समनचा आवाज खाली आला. "साहेब, अशी बायको मिळायला भाग्य लागतं."

"ते तर आहेच," म्हणत नवऱ्याने पाटल्या खिशात टाकल्या.

"पण ते साठचं पाळाल ना? अगदी काहीही झालं तरी?"

"म्हणजे काय! माझ्या गाडीला मी कुणाची नजर लागू देत नाही."

ते खोटं नव्हतं. जुनी गाडीसुद्धा तो रोज पुसायचा, लेकीच्या मऊ लंगोटाने.

तीन आठवड्यांनी, सकाळी सहाला तो निघाला. तिने डबा दिला, पाण्याची बाटली दिली, खोक्याचं झाकण नीट लागलंय ना ते पाहिलं.

"ताई कामावरून सुटली की संध्याकाळी सातला येईल. किल्ली तिच्याकडे आहे. तोवर झोपा दोघी मस्त."

दार लागलं. बाहेरून त्याने कुलूप दोनदा ओढून पाहिलं. गाडीचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला, मग नाही.

तिने भांडी घासली. लेकीला न्हाऊ घातलं. तिचे सगळे कपडे कपाटातून काढून नव्याने घड्या घातल्या. खिडकीच्या गजांना धरून लेक उभी राहायला शिकत होती. तिला तिथे धरून ती बराच वेळ बसली.

एक वाजता फोन आला.

"तीनशे साठ झाले! पाठ म्हणून दुखत नाही बघ. लोणी आहे गाडी."

"अरे वा! आणि वेग?"

"साठच. एका बसमधली पोरं वाकुल्या दाखवत पुढे गेली, तरी काटा हलू दिला नाही."

"शहाणे आहात. आता जेवून घ्या."

तिने फोन ठेवला तो बाजेवर, उशीखाली. लेकीला कडेवर घेतलं.

"सहा सक छत्तीस," ती तिच्या कानात म्हणाली. लेक हसली.

मग ती दारापाशी गेली आणि आतून दोनदा टकटक केलं.

"ठमे?" बाहेरून थोरल्या भावाचा आवाज आला. दीड वर्षाने. "शोरूममधली तुझी ती मैत्रीण खाली गाडीत बसलीय. वेळ किती आहे आपल्याकडे?"

"सहा तास, दादा. तोड ते कुलूप."