शनिवारचे आकडे

शनिवारी टॉवेलमध्ये दोष कमी का सापडतात, एवढंच सिद्धरामला विचारायचं होतं. सोमवारी प्रबंध जमा करायचा होता आणि त्याचं गणित तेवढ्यावर अडलं होतं.

अक्कलकोट रोडच्या त्या कारखान्यात महेश्वरी टॉवेल तपासायची. तुटलेला उभा धागा, सुटलेला धागा, तेलाचा डाग. शंभर टॉवेलांत किती दोष सापडले, ते ती रोज एकेका यंत्रमागाप्रमाणे वहीत लिहायची. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकणारा सिद्धराम गेले आठ महिने दर शनिवारी तिच्या टेबलापाशी बसून ते आकडे उतरवून घ्यायचा. याचं पुढं काय करता, असं तिनं एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यानं सांगितलं, की असे मोजलेले दोष असले की पॉयसनचं वितरण वापरतात. त्याला एकच आकडा लागतो, सरासरी. माग किती जुना, सूत कसलं, यावरून ती काढायची. मग तीन दोष निघायची शक्यता किती आणि सात निघायची किती, हे त्या एका आकड्यावरून सांगता येतं. फक्त आकड्यांचा पसारा, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरलेत ते, सरासरीएवढाच हवा. जास्त निघाला, तर काहीतरी धरायचं राहिलंय असं समजायचं.

पसारा जास्त निघाला होता. शोधता शोधता त्याला शनिवार सापडले. इतर दिवशी शंभराला सहा दोष, शनिवारी जेमतेम चार. माग तेच, सूत तेच, माणसंही तीच.

सुपरवायझर शंकरप्पांनी लगेच कारण दिलं. शनिवारी फरशी धुतात, हवेत ओल राहते, धागा तुटत नाही. सिद्धरामला ते पटलं. त्यानं ते लिहून घेतलं, आणि आता रोजच फरशी धुवायला सांगतो म्हणत शंकरप्पा मागांकडे गेले.

महेश्वरी ऐकत होती. हिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं शंकरप्पा नव्या बायकांना नेहमी सांगायचे. ती गप्प बसली असती, तर तिचं ते नाव तसंच राहिलं असतं.

"सर, ते फरशीचं लिहू नका," ती म्हणाली. "टॉवेल शनिवारी पण तसलेच असत्यात. मला दिसत न्हाईत."

त्याला आधी कळलं नाही. शनिवारी काम जास्त असतं का, असं त्यानं विचारलं. नाही म्हणाली. डोळ्यांना त्रास होतो का? तेही नाही. हातातल्या टॉवेलची घडी तिनं उलगडली, परत घातली.

"तुमी अकराला येता," ती म्हणाली. "मी सकाळपासून गेटाकडं बघत असती."

मागांचा खडखडाट चालूच होता. सिद्धरामनं पेनाला टोपण लावलं, काढलं. हैदराबादला नोकरी लागली आहे, पुढच्या आठवड्यात निघायचं आहे, हे सांगायला तो आल्यापासून शब्द जुळवत होता. ते त्यानं आता सांगितलं. बरं झालं की, असं ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

मग त्यानं फरशीची ओळ खोडली. शनिवार सगळे गाळून गणित परत करावं लागेल, उद्याचा दिवस त्यातच जाईल, असं काहीबाही तो बोलत राहिला. कारण काय लिहिणार, असं तिनं हळूच विचारलं. नोंदी अपुऱ्या होत्या, एवढंच लिहीन म्हणाला.

बॅग खांद्याला अडकवून तो निघाला. दाराशी थांबला आणि परत आला.

"वहीच्या पानाचा फोटो मोबाइलवर पाठवला असता, तरी माझं काम झालं असतं," तो म्हणाला. "आमच्या सरांनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."