पूर्ण नाव

कॉलेजच्या सभागृहात सिनेमाचा खेळ नुकताच सुरू झाला होता. ताई उरलेली तिकिटं आवरत होती, तेवढ्यात टेबलासमोर दोन माणसं येऊन उभी राहिली. ती विद्यार्थी नव्हती. विद्यार्थ्यांच्या पायात इतके लख्ख बूट नसतात, आणि चहाच्या किमतीचं तिकीटसुद्धा विद्यार्थी घासाघीस केल्याशिवाय घेत नाहीत. या दोघांनी तिकीट मागितलंच नाही. थोरल्याने खिशातून पोलिसांचं ओळखपत्र काढून दाखवलं.

"एक मुलगा हवाय," तो म्हणाला आणि त्याने नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. तो बाप ताईचाही बाप होता. पण तिकिटं फाडणाऱ्या मुलीचं नाव विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही.

"इथे खऱ्या नावाने कोण कुणाला ओळखतं, साहेब? सगळी टोपणनावंच," ती म्हणाली.

"फोटो आहे, पण त्यात दाढी नाही. आता वाढवलीय म्हणे. जरा दिवे लावा, चेहरे बघून घेतो."

"मध्येच दिवे लावले तर पोरं खुर्च्या मोडतील. संपेपर्यंत थांबा ना."

"थांबू की. आम्हाला कुठे घाई आहे? दोनच प्रश्न विचारायचेत." धाकटा हसला. "सिनेमा बघून जमाना झाला."

असेच दोन प्रश्न विचारायला हिवाळ्यात वरच्या वर्गातल्या एकाला नेलं होतं. परीक्षा झाली, निकाल लागला, तरी ते प्रश्न काही संपले नाहीत. त्याची आई अजून वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन बसते, आणि पोरं मान खाली घालून तिच्यासमोरून जातात.

ते दोघे आत गेले आणि मुख्य दाराच्या दोन अंगांना हाताची घडी घालून उभे राहिले. मंचाशेजारचं मागचं दार उघडंच होतं, तिथे कुणी नव्हतं. भावाला तेवढं कळवायला हवं होतं. पण खेळाला येताना मोबाइल दारात जमा करायचा हा सिनेमा मंडळाचा नियम; त्याचा फोन तिच्याच खणात पडला होता. आत शिरून शोधावं, तर त्या दोघांना आयती वाट दाखवल्यासारखं झालं असतं.

मग तिला चिठ्ठी आठवली. या स्वस्तातल्या खेळांचा तो जुना चावटपणा होता. कुणाची खोडी काढायची असली की ऑपरेटरकाकांकडे चिठ्ठी द्यायची. ते ती पारदर्शक कागदावर उतरवून, भौतिकशास्त्रवाल्यांनी टाकून दिलेल्या प्रोजेक्टरने पडद्याशेजारच्या भिंतीवर झळकवायचे. 'जाड्या, तुझी आई डबा घेऊन आलीय.' 'लंबू, खाली बस, आम्हालाही नायिका दिसू दे.' सभागृह डोक्यावर घ्यायची पोरं.

ती धापा टाकत ऑपरेटरकाकांच्या खोलीचा जिना चढली. भावाला सगळे घुबड म्हणत, रात्र रात्र जागून मोर्च्यांचे फलक रंगवायचा म्हणून. आणि घुबड हे नाव काही त्या साहेबांच्या कागदावर नव्हतं. आपल्याला वेळेवर सुचलं म्हणून तिला क्षणभर बरं वाटलं.

"तू आणि चिठ्ठी? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" काका म्हणाले.

"काका, हात जोडते. लगेच लावा."

काकांनी लावली. भिंतीवर टपोरी अक्षरं उमटली: 'घुबड, घरी जा. मागच्या दाराने. आत्ताच्या आत्ता.'

आणि काकांनी सवयीने सिनेमाचा आवाज बारीक केला.

तो बारीक होताच ताई खोलीच्या काचेकडे धावली. आवाज बारीक का करतात ते तिला माहीत होतं. दर आठवड्याला टेबलाशी बसून, बंद दाराआडून तिने ते ऐकलं होतं. कुण्या एका खडूस प्राध्यापकाच्या हजेरीची ती नक्कल. प्राध्यापक केव्हाच निवृत्त झाले, नक्कल तेवढी मागे राहिली. भीतीच्या भरात नेमकं तेच तिच्या डोक्यातून निसटलं होतं.

"घुबड! घुबड!" अंधार ओरडू लागला.

मधल्या रांगेत तो हसत हसत खुर्चीवर चढला आणि मागे वळला. प्रकाशाच्या झोतात त्याची दाढीसुद्धा स्पष्ट दिसली.

"हजर, सर!"

"पूर्ण नाव!" पाचशे गळ्यांनी एकदम विचारलं.

ताई काचेवर दोन्ही हातांनी बडवत होती. "नको! अरे, नको सांगूस!" काच जाड होती, यंत्राची घरघर सभागृहात जाऊ नये म्हणून मुद्दाम बसवलेली. काका घाबरून तिच्याकडे बघत राहिले.

त्याने छाती पुढे काढली आणि नाव सांगितलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव, एकेक शब्द खणखणीत. मग राजासारखा कमरेत वाकला. त्याची सावली पडदाभर पसरली होती. टाळ्या, शिट्ट्या, कुणी पायांनी जमीन दणाणली.

त्या सावलीच्या डाव्या बाजूला आणखी एक सावली उगवली. मग उजव्या बाजूला एक. दोघींनी मधलीचे दंड धरले आणि तिला अलगद खाली उतरवलं.

पोरांना वाटलं, हा काहीतरी नवा प्रकार. टाळ्या आणखी वाढल्या, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हौसेने ओरडलं, "ए, आता तुमचंही पूर्ण नाव सांगा!"